निकाल लागला म्हणजे सारे संपले असे नाही



आपल्या या त्रैमासिकात तुम्ही नेहमी वसतिगृहातली मुले, आरोग्य शिबिरे, बालवाडी आणि पाणी योजना यांबद्दल वाचता. या वेळी मी तुम्हांला जरा वेगळ्या ठिकाणी नेणार आहे. ते ठिकाण म्हणजे कारागृहाच्या फाटकाबाहेरचा मुलाकातीचा बाक.

काही वर्षांपूर्वी त्या बाकावर माझ्या शेजारी आमच्या सातपुड्यातल्या एका पाड्यावरची मावशी बसली होती. दोन एसट्या बदलून, रात्र स्टँडवर काढून ती आली होती. कडेला भाकरीचे गाठोडे होते. आत भाकरी नेऊ देणार नाहीत हे तिला ठाऊक नव्हते. तिच्या मुलाला सेशन कोर्टाने खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप दिली होती. मी सहज विचारले, "मावशी, अपील कुठपर्यंत आलं?"

ती म्हणाली, "वकीलसाहेबांना बैल विकून पैसे दिले ताई. ते म्हणाले, वरच्या कोर्टात टाकलंय. तारीख आली की कळवतो."

त्या गोष्टीला अडीच वर्षे झाली होती. आम्ही चौकशी केली, तेव्हा हायकोर्टात त्या मुलाच्या नावाने कोणतेच अपील दाखल नसल्याचे समजले. ज्यांच्यावर भरवसा ठेवला, त्यांनी पैसे घेतले आणि कागद पुढे सरकवलाच नाही. मुलगा आत वाट पाहत होता, आई बाहेर वाट पाहत होती, आणि ज्याची वाट पाहायची तो अर्ज अस्तित्वातच नव्हता.

त्या दिवसापासून मी शिक्षेनंतरच्या कायद्याची माहिती गोळा करू लागले. मी वकील नाही. माझे शिक्षण ईश्वरविज्ञानाच्या पदविकेपर्यंतचे. पण वकिलांना विचारून, तुरुंग अधिकाऱ्यांशी बोलून आणि ठेचा खाऊन जे शिकले, ते साध्या शब्दांत तुमच्यापुढे ठेवते. कारण उद्या तुमच्या मंडळीतल्या, तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात हा प्रसंग आला, तर पहिले साठ दिवस वाया जाऊ नयेत.

पौलाने काय केले?

आपल्यापैकी अनेकांना वाटते की कोर्टकचेरी हे देवाच्या लोकांचे काम नव्हे. शिक्षा झाली तर ती मुकाट्याने भोगावी. मग प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातले चोविसावे आणि पंचविसावे अध्याय पुन्हा वाचा. पौल कैसरियात दोन वर्षे कैदेत होता. सुभेदार फेलिक्स त्याला वारंवार बोलावत असे, पण मनात पैशाची आशा धरून. पुढे फेस्त आला, आणि पौलाला पुन्हा यरुशलेमेस नेण्याचा घाट घातला गेला. तेव्हा पौलाने वरच्या दरबारी, थेट कैसराकडे दाद मागितली. त्यासाठी त्याने दंगा केला नाही, पळून गेला नाही, लाचही दिली नाही. रोमी नागरिक म्हणून जो हक्क त्याला होता, तो त्याने उभे राहून मागितला.

त्या काळी हा हक्क थोड्यांना होता. आज आपल्या देशात डोंगरातल्या शेवटच्या पाड्यावरच्या माणसालाही तो आहे. फक्त तो आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

अपील म्हणजे काय?

खालच्या कोर्टाने दिलेला निकाल वरच्या कोर्टाने पुन्हा तपासावा, अशी मागणी म्हणजे अपील. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली असेल, तर अपील साधारणपणे सेशन कोर्टात जाते. सेशन कोर्टाने शिक्षा दिली असेल, किंवा कोणत्याही कोर्टाने सात वर्षांहून अधिक कैद सुनावली असेल, तर अपील हायकोर्टात जाते. नंदुरबार, धुळे, जळगावची अपिले छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात, गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटची नागपूरला, तर पालघर आणि नाशिकची मुंबईला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. कलमांचे आकडे बदलले, वाट मात्र जवळजवळ तीच राहिली. नव्या संहितेत शिक्षेविरुद्ध अपिलाचे कलम ४१५ आहे, तुरुंगातून अपील करण्याचे ४२४, आणि अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचे ४३०.

अपिलात नव्याने साक्षीदार बोलावून पुन्हा सगळा खटला चालत नाही. खालच्या कोर्टातले जबाब, पंचनामे, डॉक्टरांचा अहवाल हे सारे वरचे न्यायाधीश वाचतात आणि दोन्ही बाजूंचे वकील त्यावर बोलतात. फार गरज वाटली तरच जादा पुरावा घेतला जातो. म्हणून खालच्या कोर्टात जे बोललेच गेले नाही, ते वर सांगणे अवघड असते. आमच्या लोकांचे इथेच नुकसान होते. घरी पावरी, मावची किंवा भिली बोलणारा माणूस मराठीतल्या प्रश्नांना नुसती मान डोलावतो, आणि ती मान "हो" म्हणून लिहिली जाते.

वरचे कोर्ट काय करू शकते? निर्दोष सोडू शकते. खटला पुन्हा चालवायला सांगू शकते. गुन्ह्याचे कलम बदलून शिक्षा कमी करू शकते. किंवा अपील फेटाळू शकते. पुष्कळ कुटुंबे एका भीतीपोटी अपील करत नाहीत. "वर गेलो आणि शिक्षा वाढली तर?" असे ती विचारतात. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात कोर्ट शिक्षा वाढवून देत नाही. शिक्षा वाढवायची तर सरकारला त्यासाठी वेगळी दाद मागावी लागते, आणि तेव्हाही आरोपीचे म्हणणे ऐकावेच लागते.

मुदत: तीस दिवस, साठ दिवस

मुदत कायदा सांगतो की हायकोर्टात अपील करायला साठ दिवस मिळतात आणि सेशन कोर्टात करायला तीस दिवस. शिक्षा फाशीची असेल, तर हायकोर्टातही तीसच दिवस. निकालाची नक्कल मिळायला जे दिवस लागतात, ते यातून वजा होतात.

साठ दिवस म्हणजे दोन महिने. वाचायला पुष्कळ वाटतात. पण आमच्या भागात निकाल दिवाळीच्या सुमारास लागला, तर सारे कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असते. ते परत येते होळीला. तोवर मुदत संपलेली असते.

तरीही घाबरू नका. मुदत गेली म्हणजे दार कायमचे बंद झाले, असे नाही. विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत देता येतो. उशीर का झाला याचे खरे कारण त्यात लिहायचे असते. तुरुंगात असलेल्या गरीब, निरक्षर माणसाच्या बाबतीत कोर्टे हे कारण पुष्कळदा सहानुभूतीने पाहतात. मावशीच्या मुलाचा अडीच वर्षांचा उशीर हायकोर्टाने माफ केला.

निकालाची नक्कल हा पहिला कागद

कैदेची शिक्षा झाली की निकालपत्राची एक प्रत आरोपीला ताबडतोब आणि मोफत मिळाली पाहिजे, असे कायदा सांगतो. मागितल्यास आणि शक्य असल्यास त्याच्या भाषेतले भाषांतरही मिळू शकते.

या नियमाला बळ देणारा एक निकाल आपल्याच राज्यातल्या खटल्यातून आला आहे. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे आले. शिक्षा झालेला माणूस चार वर्षांहून अधिक उशिरा दाद मागायला आला होता. हायकोर्टाच्या निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका गुणदोषावर फेटाळली, पण पुढच्या सर्व कैद्यांसाठी नियम घालून दिले. निकालाची मोफत प्रत कैद्याला वेळेत मिळालीच पाहिजे. तुरुंग अधिकाऱ्याने ती त्याच्या हाती देऊन लेखी पोच घेतली पाहिजे. आणि वकील करण्याची ऐपत नसेल, तर अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे.

म्हणून मुलाकातीला गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा, "निकालाचा कागद हातात मिळाला का?" आमचे लोक पुष्कळदा म्हणतात, "अंगठा घेतला, कागद दिला, पण काय आहे माहीत नाही." तो कागद जपून ठेवायला सांगा. खटला क्रमांक, कोर्टाचे नाव, निकालाची तारीख, कलमे आणि कैदी क्रमांक या पाच गोष्टी तुमच्या वहीत लिहून घ्या. या पाच गोष्टी असल्या की पुढचे बरेच काम फोनवर होते.

पैसे नसले तर?

मावशीने बैल विकला. दुसऱ्या एका घराने रान गहाण टाकले. तिसऱ्याने सावकाराकडून कर्ज काढले. यांपैकी कशाचीच गरज नव्हती.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या बाराव्या कलमानुसार अनुसूचित जाती आणि जमातीची व्यक्ती, स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आदिवासी माणसाजवळ जातीचा दाखला नसला, तरी तुरुंगात असलेली व्यक्ती म्हणून तो पात्र ठरतोच. आणि हा हक्क खालच्या कोर्टापुरता नाही. अपिलाच्या वेळी आरोपीला वकील नसेल, तर हायकोर्टाने तो देऊ केला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ साली मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले.

अर्ज कुठे करायचा? तीन दारे आहेत. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. हायकोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे आणि खंडपीठांत तिच्या उपसमित्या आहेत. याशिवाय १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे.

पण सर्वांत जवळचे दार तुरुंगातच आहे. कैदी आपले अपील कारागृह अधीक्षकांकडे देऊ शकतो. ते वरच्या कोर्टाकडे पाठवणे हे अधीक्षकांचे कायद्याने नेमून दिलेले काम आहे. याला जेल अपील म्हणतात. त्यासाठी घरच्यांना शहरात जावे लागत नाही आणि कोर्ट फीची चिंताही करावी लागत नाही. कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज लिहून देणारे स्वयंसेवक किंवा वकील येतात. मावशीच्या मुलाचे अपील याच वाटेने गेले.

मोफत मिळालेला वकील काम करील का, अशी शंका लोक घेतात. काही चांगले असतात, काही नसतात, पैसे देऊन केलेल्यांचेही तेच आहे. फरक पडतो तो मागे कोणी विचारणारे आहे की नाही याने. आम्ही दर दोन महिन्यांनी वकिलांना नम्रपणे फोन करत होतो. एवढ्यानेही फाईल हलते. वकिलाचे काम पटत नसेल, तर समितीकडे अर्ज करून दुसरा मागता येतो.

अपील चालेपर्यंत आतच राहायचे का?

हायकोर्टात अपील दाखल होणे आणि ऐकले जाणे यांत वर्षे जातात. साक्षीपुरावे मराठीत असतात आणि हायकोर्टाचे काम इंग्रजीत चालते. भाषांतर होऊन कागदांचा गठ्ठा तयार व्हावा लागतो. त्यातून आधीची अपिले रांगेत असतातच.

म्हणून अपिलासोबत आणखी एक अर्ज द्यायचा असतो, शिक्षा स्थगित करून जामीन मिळण्याचा. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे कोर्टच त्याला अपील करेपर्यंत बाहेर ठेवू शकते. शिक्षा मोठी असेल, तर वरचे कोर्ट ठरवते. गंभीर गुन्ह्यात सरकारी वकिलांना लेखी हरकत घेण्याची संधी दिली जाते.

सुप्रीम कोर्टाने १९७७ साली पंजाबच्या एका खटल्यात अगदी माणुसकीचा प्रश्न विचारला होता. अपील पाच-सहा वर्षे ऐकलेच जाणार नसेल, आणि मग माणूस निर्दोष ठरला, तर मधली वर्षे त्याला कोण परत देणार? त्यामुळे लवकर सुनावणी शक्य नसेल, तर सबळ कारणाशिवाय जामीन नाकारू नये, असे कोर्टाने म्हटले. तरीही जन्मठेपेच्या प्रकरणात तो सहज मिळतो असे समजू नका. मावशीच्या मुलाला मिळाला नाही. एकदा नाकारला, तरी परिस्थिती बदलल्यावर किंवा बराच काळ उलटल्यावर पुन्हा मागता येतो.

जामीन मिळाला तरी जामीनदार मिळत नाही, ही आमची नेहमीची अडचण. सात-बारा आजोबांच्या नावे, ऐपतीचा दाखला नाही, आधार कार्डावरचे नाव वेगळे. अशा वेळी मंडळीतला एखादा नोकरदार भाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला, तर त्याने दिलेली भेट कोणत्याही देणगीहून मोठी असते. मात्र जबाबदारी समजून उभे राहावे. आरोपी हजर राहिला नाही, तर पैसे जामीनदाराकडून वसूल होतात.

नाशिकचा खटला

"पोलिसांनी पकडले, कोर्टाने शिक्षा दिली, म्हणजे केलेच असणार." हे वाक्य मी आपल्या मंडळ्यांतही ऐकते. त्यांना मी नाशिकचा एक खटला सांगते.

जून २००३ मध्ये तिथल्या एका शेतवस्तीवर भयंकर हल्ला झाला. पाच जणांचा जीव गेला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना अटक झाली. २००६ साली खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्वांनाच फाशी दिली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झाले.

माणसाच्या दृष्टीने सगळे संपले होते. पण पुनर्विचाराची याचिका शिल्लक होती. सुप्रीम कोर्टाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेऊन अपिले नव्याने ऐकली. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने सुरुवातीला पोलिसांकडच्या फोटोंमधून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्यांच्यावर खटला झालाच नव्हता, ही गोष्ट पुढे आली. मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला झाला. तोवर सोळा वर्षे गेली होती. आणि ज्या कुटुंबावर घाला पडला, त्यांना खरा न्याय तरी कुठे मिळाला? चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा दोन घरांवर अन्याय होतो.

वयाचा दाखला: आपल्या शाळांचे काम

गुन्ह्याच्या वेळी आरोपी अठरा वर्षांखालील होता, हा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी शेवटचा निकाल लागल्यानंतरही मांडता येतो. बाल न्याय अधिनियमाच्या नवव्या कलमात ही तरतूद आहे. पुण्यातल्या १९९४ च्या एका खुनाच्या खटल्यात फाशी झालेला एक माणूस गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षांचा होता, हे मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केले. तेव्हा त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. त्याला सोडवले ते राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेतल्या एका नोंदीने.

आपल्या मिशनच्या शाळा आणि वसतिगृहांची जुनी रजिस्टरे माळ्यावर वाळवी खात पडली असतील, तर ती आजच खाली काढा. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला पाहतो, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि तीही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आणि शिक्षक बंधुभगिनींना विनंती. प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने "१ जून" लिहू नका. आईला विचारा, सुईणीला विचारा. तुमच्या त्या एका ओळीवर पुढे कोणाचे तरी आयुष्य तोलले जाऊ शकते.

"कबूल कर आणि सुट" यापासून सावध

मोहाच्या दारूची केस असो की जंगलातल्या लाकडाची, कोर्टाच्या व्हरांड्यात सल्ला मिळतो, "गुन्हा कबूल कर, दंड भर, संध्याकाळी घरी जा." लोक तसे करतात. पण गुन्हा कबूल करून झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलात फक्त शिक्षा किती किंवा कायदेशीर आहे का, एवढेच विचारता येते. "मी गुन्हा केलाच नव्हता" हे सांगण्याची वाट जवळजवळ बंद होते. पुढे तोच मुलगा पोलीस भरतीचा अर्ज भरतो, तेव्हा त्या संध्याकाळची किंमत कळते. खरेच केले असेल तर कबूल करणे हा प्रामाणिकपणाच आहे. पण न केलेले, केवळ बस चुकू नये म्हणून कबूल करू नये.

अपील फेटाळले तर?

हायकोर्टानंतर सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका करता येते. साधारण मुदत नव्वद दिवसांची. तिथेही मोफत विधी सहाय्याची समिती आहे. त्यानंतर पुनर्विचार याचिका असते.

कोर्टाच्या वाटा संपल्या, तरी काही वाटा उरतात. खटल्याच्या काळात कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ते नीट वजा झाले का, हे पाहावे. कैद्याला नियमांप्रमाणे संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, मागता येते. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याचा मुदतपूर्व सुटकेचा विचार चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावर होतो. ज्या राज्यात याचे धोरण आहे, तिथे कैद्याने अर्ज केला नसला तरी पात्र ठरताच सरकारने विचार केला पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले.

काहींची कैद भोगून झालेली असते, केवळ दंड भरता येत नाही म्हणून ते आत असतात. अशा गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासून योजना आहे. तिच्यातून काही गुन्हे वगळता २५,००० रुपयांपर्यंतचा दंड भरला जाऊ शकतो. अर्जाबद्दल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा कारागृहात विचारावे.

त्या दुसऱ्या घराचे काय?

आता मावशीच्या मुलाकडे परत येते. त्याने काहीच केले नव्हते, असे मी म्हणणार नाही. होळीच्या रात्री दारूच्या नशेत दोन मित्रांत भांडण पेटले, हातात आलेल्या लाकडाने त्याने मारले आणि मित्र मेला. मेलेल्या मित्राची विधवा आमच्याच मंडळीत येते. मावशी उजवीकडे बसते, ती डावीकडे. मी अपिलाच्या मागे लागले, तेव्हा तिने मला विचारले, "ताई, तुम्ही त्याच्या बाजूच्या का?"

उत्तर द्यायला मला बरेच दिवस लागले. शेवटी मी तिला सांगितले, "त्यानं केलं ते खोटं करायला मी जात नाही. त्यानं जेवढं केलं, तेवढीच शिक्षा व्हावी, यासाठी जाते." तिला पटले असे मी म्हणणार नाही. पण त्या निमित्ताने आम्हांला आमची चूक दिसली. तिच्यासाठी आम्ही काहीच केले नव्हते. मृताच्या अवलंबितांना विधी सेवा प्राधिकरणामार्फत भरपाई मिळू शकते. आरोपी सुटला, कमी गंभीर कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर पीडितांनाही अपिलाचा हक्क आहे. हे सारे आम्ही तिला फार उशिरा सांगितले. नंतर तिच्या भरपाईचा अर्ज आम्हीच भरून दिला.

अपील दाखल झाल्यावर पाच वर्षांनी ऐकले गेले. अचानक उसळलेल्या भांडणात, आधी काही न ठरवता झालेला हा मृत्यू आहे, म्हणून हा खून नव्हे तर सदोष मनुष्यवध आहे, असे हायकोर्टाने ठरवले. जन्मठेप जाऊन सात वर्षांची शिक्षा झाली. तोवर खटल्यातली दीड, अपील न होता गेलेली अडीच आणि अपिलाची पाच, अशी नऊ वर्षे तो आत होता. कोर्टाने ठरवलेल्या शिक्षेपेक्षा दोन वर्षे अधिक. अपील मुदतीत गेले असते, तर ती दोन वर्षे तो आपल्या शेतात असता. त्याचा बाप त्याच दोन वर्षांत वारला.

आपण काय करू शकतो?

मंडळीतल्या कोणाला शिक्षा झाली, तर पहिल्याच आठवड्यात दोघा-तिघांनी त्या घरी जावे. निकालाची नक्कल मिळाली का ते पाहावे आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. वकिलाला पैसे दिले असतील, तर पावती आणि अपिलाचा नोंदणी क्रमांक मागावा. तो क्रमांक मिळाला नाही, तर अपील दाखल झालेले नाही असेच समजून जेल अपिलाची तयारी करावी. शिकलेल्या तरुणांनी मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून तारखा पाहून द्याव्यात. आणि वर्षातून एकदा तरी जिल्हा प्राधिकरणाच्या वकिलांना बोलावून पाड्यावर तिथल्याच बोलीत हे सारे समजावून सांगावे.

तो मुलगा आता बाहेर आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने रानात मका पेरला. मंडळीत तो मागच्या दाराजवळ बसतो. ती विधवा अजून त्याच्याशी बोलत नाही, आणि तिने बोलावे असे आम्ही तिला सांगत नाही. दोन्ही घरांसाठी प्रार्थना करा.

आणि तुमच्या ओळखीत कोणी आत असेल, तर पुढच्या मुलाकातीला त्याला भेटाल तेव्हा विसरू नका. आधी खुशाली विचारा, आणि मग विचारा, "अपिलाचा नंबर काय?"